लेकीच्या नोंदींसाठी बांधून घेतलेली खतावणी: दोन वर्षांच्या वापरानंतर

सांगलीच्या गावभागात बाइंडिंगचे एक जुने दुकान आहे. दुकानाला पाटी नाही, आणि "नाव कुठं छापू नका ताई, आहे तीच कामं उरकंनात" असे काकांनी बजावल्यामुळे मीही ते देत नाही. गावभागात कोणालाही 'खतावण्या (व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या) बांधणारे काका' असे विचारले की वाट सापडते. नोव्हेंबर 2023 मध्ये मी त्यांच्याकडून माझ्या मुलीच्या नोंदींसाठी एक वही बांधून घेतली. तेव्हा मुलगी तीन महिन्यांची होती. आज ती दोन वर्षे पाच महिन्यांची आहे आणि वहीच्या 320 पृष्ठांपैकी 291 भरली आहेत. एवढ्या वापरानंतर वहीचे गुण आणि दोष दोन्ही पुरेसे कळले आहेत, म्हणून हे लिहीत आहे.

मुळात वही बांधून घेण्याचा विचार नव्हता. बारशाला आम्हाला एक तयार 'बेबी रेकॉर्ड बुक' भेट आले होते. जाड गुळगुळीत कागद, पानोपानी ढग आणि ससे, प्रत्येक पानावर छापील प्रश्न आणि उत्तरासाठी दोन ओळी, अशी त्याची रचना होती. त्यात पहिल्या नाताळासाठी आख्खे पान होते, पण बारसे, उष्टावण, जावळ यांसाठी ओळसुद्धा नव्हती. पुढे बोरन्हाणाचा फोटो शेवटी नाताळच्या झाडाखाली चिकटवावा लागला आणि हलव्याच्या दागिन्यांतली आमची चिऊ त्या झाडाखाली फार गोंधळलेली दिसते. तेही चालवून घेतले असते, पण पुस्तकाचा कणा नुसत्या गोंदाचा होता. पुढच्या एप्रिलच्या उन्हात तो तडकलाच आणि 'पहिला दात' हे पान दात येण्याआधीच हातात आले.

त्या पुस्तकाचा खरा दोष मात्र मला पुढे कळला. 'पहिल्यांदा रांगली तो दिवस' असे एक पान त्यात होते आणि ते आजही कोरे आहे, कारण चिऊ कधी रांगलीच नाही. ती बसल्या जागेवरून ढुंगण घासत पुढे सरकायची, आणि इतक्या वेगाने की देवघरातली घंटा उचलून ती स्वयंपाकघरात पोहोचल्यावर आम्हाला पत्ता लागायचा. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील मुलांच्या हालचालींचा जो अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात 4.3 टक्के मुले हात आणि गुडघ्यांवर रांगलीच नव्हती, आणि आधाराशिवाय चालू लागण्याचा कालावधी 8.2 महिन्यांपासून 17.6 महिन्यांपर्यंत पसरलेला होता. ही माहिती मला डॉक्टरांनी सांगितली तेव्हा हायसे वाटले, परंतु त्याआधीचे तीन महिने ते कोरे पान मला रोज रात्री जाब विचारत होते. शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालू लागल्यावर तर विचारूच नका.

एक मोबाइल ॲपही वापरून पाहिले. फोटो टाकणे सोपे होते, पण दर आठवड्याला 'तुमच्या बाळाने आता हे करायला हवे' असा निरोप यायचा, आणि फोन बदलल्यावर जुन्या नोंदी पुन्हा दिसण्यासाठी वर्षाची वर्गणी मागितली गेली. मी ती भरली नाही.

काकांचे नाव सासूबाईंनी सुचवले. त्यांचे माहेर आणि सासर दोन्ही गावभागात, त्यामुळे बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांच्या खतावण्या आणि रोजमेळ कोण बांधतो हे त्यांना पाठ होते. हळदीच्या आणि बेदाण्याच्या पेढ्यांवर आता संगणक आले असले, तरी लक्ष्मीपूजनाला पूजेसाठी लाल कापडाची वही लागतेच. मी ऑक्टोबरमध्ये दुकानात गेले तेव्हा काकांच्या पुढ्यात अशा वह्यांचा ढीग होता. मला हवी होती ती वही त्यांना समजावून सांगताना मी बरेच अडखळले, कारण 'आठवणींची वही' म्हटल्यावर ते नुसते बघत राहिले. शेवटी मी म्हटले, "काका, रोज लिहायचं आहे, वर्षानुवर्षं टिकायला हवं, आणि मांडीवर मूल असताना एका हातानं लिहिता यायला हवं." त्यावर त्यांनी लगेच उत्तर दिले, "मग खतावणीच की. फक्त आकार बारीक करू."

आणि तशीच वही झाली. फुलस्केपच्या निम्म्या आकाराचा, 90 जीएसएमचा, किंचित पिवळसर कागद. 16 पृष्ठांचा एक असे 20 फर्मे. प्रत्येक फर्मा दोऱ्याने शिवून मग एकत्र बांधलेला. वर जाड पुठ्ठा आणि लाल कापड. शिलाईचा फायदा पहिल्याच दिवशी लक्षात आला. वही कुठेही उघडली तरी सपाट पडून राहते, दुसऱ्या हाताने दाबून धरावी लागत नाही. डाव्या हाताने थोपटत उजव्या हाताने लिहिणे ज्यांना करावे लागले आहे त्यांना या गुणाची किंमत सांगायला नको. वजन साधारण साडेसहाशे ग्रॅम भरते, म्हणजे प्रवासात नेण्याची सोय नाही. किंमत 650 रुपये पडली. भेट आलेल्या पुस्तकावरची छापील किंमत याच्या जवळजवळ दुप्पट होती.

कागदापेक्षा जास्त चर्चा खळीवर झाली. बाइंडिंगची खळ मैद्याची असते आणि तिला कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असते, आणि आमच्या घरात पुढच्या काही महिन्यांत चपलेपासून वर्तमानपत्रापर्यंत एकही वस्तू चिऊच्या तोंडात जायची राहणार नव्हती. मोरचूद घालू नका असे सांगितल्यावर काका थोडे नाराज झाले. "मग कसर लागली तर माझ्याकडं यायचं नाही," असे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि तरीही बिनमोरचुदाची खळ वेगळी शिजवून दिली. सोबत वेखंडाचे दोन तुकडे फडक्यात बांधून वहीशेजारी ठेवायला दिले. पोथ्यांच्या कपाटात वेखंड ठेवण्याची पद्धत जुनीच आहे. गेल्या जुलैत कण्याजवळ एक चंदेरी कसर सापडली, ती झटकली. कागद अजून कुरतडलेला नाही. वहीचा खालचा उजवा कोपरा मात्र कुरतडलेला आहे. तो कसरीने नाही.

आता वहीतल्या ज्या भागामुळे मी हे परीक्षण लिहायला बसले त्याविषयी. खतावणीला मागे नावे शोधण्यासाठी अक्षरांच्या पायऱ्या कापलेल्या असतात. कडेला अ, आ, इ असे एकाखाली एक दिसतात आणि बोट ठेवले की ते पान उघडते. काकांनी सवयीने तशा पायऱ्या कापून ठेवल्या. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा 20 पृष्ठे वाया गेली असे मला वाटले होते. चिऊ बोलू लागल्यावर त्यांचा उपयोग सुचला. तिचा प्रत्येक नवा शब्द मी त्या त्या अक्षराखाली, ती उच्चारते तसाच्या तसा, महिना घालून लिहू लागले. 'क' खाली आज अशी नोंद दिसते: 'कुकर' हा शब्द एप्रिल 2025 मध्ये 'तुतल' होता, ऑक्टोबरमध्ये 'कुकल' झाला आणि या महिन्यात 'कुकर' झाला. 'ख' खाली 'खिडकी' अजून 'थितती' आहे. 'भ' चे पान सर्वांत आधी भरू लागले, कारण भू, भूर, भूभू आणि भडंग हे तिच्या आयुष्यातले चार मोठे विषय एकाच अक्षराखाली येतात. भडंगाला ती 'भंग' म्हणते, आणि पाहुण्यांसमोर "मला भंग पायजे" असे ओरडते तेव्हा खुलासा करावा लागतो.

या याद्यांमुळे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. 'तुतल' हा शब्द आमच्या घरात पाच-सहा महिने रोज ऐकू येत होता, तरीही तो बदलून 'कुकल' झाला तेव्हा नवऱ्याला आणि मला दोघांनाही जुना उच्चार आठवेना. वही उघडावी लागली. पहिले पाऊल, पहिला दात या गोष्टी लोक विचारतात, सांगतात, त्यामुळे त्या लक्षात राहतात. रोजचे मात्र रोजच पुसले जाते. छापील पुस्तकाला या रोजच्या गोष्टी विचारता येत नाहीत, कारण प्रश्न आधी ठरलेले असतात. आणि फोनमध्ये हजारो फोटो असले, तरी फोटो काढताना ती काय म्हणत होती हे त्यातल्या एकाही फोटोला सांगता येत नाही. व्हिडिओत आवाज असतो हे खरे, पण आमच्या बाबतीत कॅमेरा दिसला की चिऊ बोलणे थांबवून फोन मागते.

वहीत काय लिहिले जाते याची कल्पना यावी म्हणून तीन नोंदी देते. "9 जून 2025. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला गॅसकडे बोट करून 'झालं' म्हणाली. चौथी शिट्टी झाली तेव्हा माझ्याकडे रागाने पाहिले." दुसरी नवऱ्याच्या अक्षरात आहे: "आमराईत नेले. घसरगुंडीवर बसली नाही. घसरगुंडीखालची माती 40 मिनिटे एका खिशातून दुसऱ्या खिशात भरली. घरी येईपर्यंत मूठ उघडली नाही." तिसरी सासूबाईंची आहे: "आज तुळशीला पाणी घालताना स्वतःच्या डोक्यावरही घातले. मी ओरडले नाही. ऊन होते."

वही चौघांच्या हाताची झाली हे मी ठरवलेले नव्हते. ती स्वयंपाकघरातल्या फळीवर पेनासह पडलेली असते, त्यामुळे ज्याने पाहिले तो लिहितो. पाळणाघरातल्या मावशी तोंडी जे सांगतात ते संध्याकाळी मी उतरवते. यातून एक गंमत झाली. 17 ऑक्टोबर 2024 च्या संध्याकाळी चिऊ पलंग सोडून माझ्याकडे तीन पावले चालत आली. मी आनंदाने वही उघडून 'पहिले पाऊल' असे ठळक अक्षरांत लिहिले, वर एक रेघही मारली, आणि मग सहज मागचे पान उलटले. तिथे सासूबाईंच्या अक्षरात लिहिले होते: "कोजागिरीच्या आदल्या दिवशी. दारापासून तुळशीपर्यंत दोन पावले." म्हणजे दोन दिवस आधी, मी कामावर असताना. त्या मला काही बोलल्या नव्हत्या, आणि त्यांनी लिहिलेले मी वाचले आहे हे मीही त्यांना सांगितले नाही. खतावणीत खाडाखोड चालत नाही, म्हणून दोन्ही नोंदी तशाच आहेत.

डॉक्टरांकडे जातानाही वही उपयोगी पडली. ताप कधी आला, किती होता, औषध किती वाजता दिले, हे तिथे विचारले जाते आणि दोन रात्री जागलेल्या आईला नेमके तेच आठवत नाही. उंचीबाबत तर एक गैरसमज वहीमुळेच झाला आणि वहीमुळेच सुटला. 23 व्या महिन्यात चिऊची लांबी 84.3 सेंटिमीटर भरली होती आणि पुढच्याच महिन्यात 84.4, म्हणजे महिन्याभरात जेमतेम एक मिलिमीटर वाढ. मी घाबरून दोन्ही आकडे डॉक्टरांसमोर ठेवले. त्यांनी आधी एवढेच विचारले, "तेव्हा निजवून मोजली होती का?" दोन वर्षांपर्यंत मुलांना आडवे निजवून मोजतात आणि त्यानंतर उभे करून, आणि उभे केल्यावर माप साधारण 0.7 सेंटिमीटरने कमी भरते. तेव्हापासून मी आकड्यापुढे 'निजवून' किंवा 'उभी' असे लिहिते. लसींच्या तारखा मात्र मी वहीत उतरवत नाही. त्या माता व बाल संरक्षण कार्डावर असतात, वाढीचा आलेखही तिथेच असतो, आणि एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की एक ठिकाण चुकते. वहीत फक्त लशीनंतरच्या दोन दिवसांची हकिगत असते.

त्या कार्डासाठी मागच्या पुठ्ठ्याला आतून एक खिसा करून मागितला होता, आणि वहीतली सर्वांत फसलेली गोष्ट हीच आहे. कार्ड घडी घालून बसते, पण सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठ्या ठेवल्या की खिसा फुगतो आणि वही नीट मिटत नाही. इतर दोषही सांगते. लाल कापडाचा रंग जातो. एकदा दुधाचा पेला लवंडला तेव्हा पहिली चार पाने गुलाबी झाली, आणि पाळण्यातली पांढरी चादरही. तक्रार केल्यावर "लाल कापड म्हटल्यावर थोडा रंग जाणारच की, ताई" एवढेच उत्तर मिळाले. ओळी अरुंद आहेत. हिशेबाचे आकडे लिहिण्यासाठी त्या ठीक असल्या तरी सासूबाईंच्या टपोऱ्या अक्षराला पुरत नाहीत. पृष्ठांचे आकडे हाताच्या नंबरिंग मशीनने उमटवलेले आहेत आणि 117 हा आकडा दोनदा आला आहे. वेळेच्या बाबतीत तर दुकानाला कमी गुण द्यावे लागतील. आठ दिवसांचा वायदा होता, वही मिळाली पाचव्या आठवड्यात. दिवाळीच्या तोंडावर त्यांच्याकडे जाणे ही माझीही चूक होती, पण नाही जमणार असे सांगितले असते तर चार फेऱ्या वाचल्या असत्या.

दुरुस्तीची सेवा मात्र उत्तम आहे. चिऊने एका दुपारी दोन पाने उभी फाडली. मी चिकटपट्टी लावणार होते, पण ती काही वर्षांत पिवळी पडते आणि तिचा चिकटा कागदात उतरतो, म्हणून सासूबाईंनी वही काकांकडे पाठवली. त्यांनी पातळ टिश्यू कागद आणि खळ वापरून पाने अशी जोडली की अक्षरे पलीकडून वाचता येतात. 30 रुपये घेतले आणि त्याच दिवशी वही परत दिली.

सांगलीत कागदावर काही जपून ठेवायचे म्हटले की पुढचा प्रश्न पाण्याचा असतो. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले, तेव्हा सासूबाईंच्या गावभागातल्या घरात तळमजल्यावरचे कपाट बुडाले. नवऱ्याच्या लहानपणीचे दोन अल्बम, त्याचे टोचणीचे कार्ड आणि त्याच्या आजीने ठेवलेली एक वही त्यात होती. पाणी ओसरल्यावर अल्बमच्या फोटोंची एकच वीट झालेली होती. नवरा लहानपणी कधी चालला, काय बोलला, हे आज सासूबाईंच्या आठवणीवर अवलंबून आहे, आणि त्याचा पहिला शब्द त्या दर वेळी वेगळा सांगतात. आम्ही आता विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर राहतो, तरी इशाऱ्याची 40 फुटांची पातळी जवळ आली की वही प्लास्टिकच्या पिशवीत जाते, आणि दर रविवारी त्या आठवड्याच्या पानांचे फोटो काढले जातात. फोन या कामापुरता मला अत्यंत प्रिय आहे.

शाईबाबत आम्ही घरीच एक परीक्षा घेतली. काकांनी दिलेल्या कागदाच्या उरलेल्या पट्टीवर निळ्या जेल पेनने, बॉलपेनने आणि पेन्सिलीने एकेक ओळ लिहून पट्टी रात्रभर बादलीत ठेवली. सकाळी जेल पेनची ओळ निळा डाग झाली होती. बॉलपेन आणि पेन्सिल जशीच्या तशी होती. तेव्हापासून वहीला बॉलपेनच बांधलेले आहे. ज्यांच्याकडे सोनोग्राफीचा छापील फोटो असेल त्यांनी तो आत्ताच झेरॉक्स करून ठेवावा, कारण तो थर्मल कागदावर असतो आणि विटतो. त्याचे लॅमिनेशन करू नये; उष्णतेने तो काळा पडतो. आमच्या शेजारणीचा तसा पडला.

ज्यांना सजावट हवी आहे, पानोपानी चित्रे हवी आहेत, किंवा महिन्यातून एकदाच लिहायचे आहे, त्यांनी या वहीच्या वाटेला जाऊ नये. इतकी कोरी पृष्ठे समोर असली की न लिहिल्याचा अपराधीपणा वाटतो. मला मात्र ती पुरेशी पटली आहे. उरलेली 29 पृष्ठे पाडव्यापर्यंत संपतील, म्हणून गेल्या शनिवारी दुसरी वही सांगून आले. ओळी रुंद, खिशाऐवजी नाडीची वेगळी पाकिटे, आणि लाल कापडाऐवजी हिरवे रेक्झिन. अक्षरांच्या पायऱ्या तशाच ठेवायला सांगितल्या आहेत, फक्त 'भ' ला एक पान जास्त. चिऊ सोबत होती. आमचे बोलणे चालू असताना तिने नंबरिंग मशीन ओढून स्वतःच्या तळहातावर दाबले. 200 रुपये आगाऊ दिले आहेत, वायदा पंधरा दिवसांचा आहे, आणि मी पाच आठवडे धरून चालले आहे.